शुक्रजंतूची जडणघडण

पुरुषबीजासाठी ‘शुक्रजंतू’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्यातील ‘जंतू’ या पदाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः त्या एका पदात साडेतीनशे वर्षांपूर्वीची समजूत दडून बसली आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी कापडाचा व्यापार करणारे आंतोनी व्हान लेवेनहूक यांनी १६७७ साली स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्याचा थेंब न्याहाळला, तेव्हा शेपटी हलवीत धावणारे असंख्य सूक्ष्म जीव त्यांना दिसले. योहान हॅम नावाच्या एका विद्यार्थ्याने ही गोष्ट प्रथम त्यांच्या निदर्शनास आणली होती. साचलेल्या पाण्यात जसे सूक्ष्म प्राणी असतात तसेच हेही असावेत, असा लेवेनहूक यांचा ग्रह झाला. पुढे १६९४ साली निकोलास हार्टसुकर यांनी तर या जीवाच्या डोक्यात अंग मुडपून बसलेल्या चिमुकल्या माणसाचे चित्रच काढले. असा माणूस आत असला पाहिजे, अशी त्यांची कल्पना होती.

ही समजूत पुसली जावयास दीर्घकाळ लागला. १८४१ मध्ये आल्बर्ट कोलिकर यांनी हे ‘जंतू’ बाहेरून आलेले नसून वृषणातील पेशींपासूनच उत्पन्न होतात, असे दाखवून दिले. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविग यांनी सी-अर्चिन या काटेरी समुद्रजीवाच्या अंड्यात दोन केंद्रके एकमेकांजवळ येऊन एकरूप होतात, या घटनेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एक अंड्याचे होते व दुसरे शुक्रजंतूचे. शुक्रजंतू हा प्राणी नव्हे, ती एक पेशी आहे, हे त्यानंतर निर्विवाद झाले. तथापि शास्त्रज्ञांनी सोडलेली कल्पना लोकांच्या मनातून गेली नाही. कोट्यवधी शूर जलतरणपटूंची शर्यत आणि त्यांतील सर्वांत बलवान तो विजयी, हे चित्र आजही सुशिक्षितांच्या मनात घर करून आहे. या चित्रात शुक्रजंतू जन्मतःच सज्ज असतो, स्वतःच्या बळावर धावतो आणि त्याला कोणाच्या साहाय्याची गरज नसते.

गेल्या सत्तर-पाऊणशे वर्षांतील संशोधनाने जे चित्र उभे केले आहे ते याच्या नेमके उलट आहे. मूलपेशी विभागली जाण्यापासून स्त्रीबीजाशी संयोग होईपर्यंत शुक्रजंतूला प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या कोणत्या तरी पेशीकडून येणाऱ्या संदेशाची वाट पाहावी लागते. संदेश वेळेवर आला तर पाऊल पुढे पडते. न आला, चुकीच्या वेळी आला किंवा तो ऐकणारे यंत्रच बिघडलेले असले, तर वाटचाल तेथेच थांबते. अपत्यहीनतेच्या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचे सामर्थ्य या एका गोष्टीत आहे.

पेशींचे संदेश म्हणजे काय, हे येथे थोडे स्पष्ट केले पाहिजे. एक पेशी एखादे रसायन बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीच्या पटलावर किंवा अंतर्भागात त्या रसायनालाच ओळखणारे एक प्रथिन असते. त्याला ग्राही असे म्हणतात. कुलपाला किल्ली लागावी तसे ते रसायन ग्राहीस लागले की आतील यंत्रणा हालू लागते. मात्र बाहेरचा निरोप्या बहुधा दारातच थांबतो. निरोप आत पोहोचविण्याचे काम दुसरा दूत करतो. सचिवालयातून निघालेला हुकूम जसा थेट शेतकऱ्याच्या हाती पडत नाही, जिल्हा, तालुका आणि तलाठी अशा पायऱ्या उतरत तो गावी पोहोचतो, तशीच ही रीत होय. पेशीतील अशा दुय्यम दूतांपैकी ‘सायक्लिक एएमपी’ हा एक प्रमुख. त्याचा शोध अर्ल सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने लावला आणि १९७१ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. हा दूत काही विशिष्ट विकरांना जागे करतो. ती विकरे निवडक प्रथिनांवर फॉस्फेटचा एक कण चिकटवितात. कचेरीतील कागदावर शिक्का उमटावा तसा तो कण उमटला की त्या प्रथिनाचे वर्तन पालटते. दूत, विकर आणि शिक्का ही त्रयी पुढील सर्व विवेचनात पुनःपुन्हा येणार आहे.

शुक्रजंतूच्या निर्मितीचा मूळ हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक नावाच्या भागातून एक संप्रेरक दर दीड-दोन तासांनी थोडे थोडे स्रवते. त्याची रासायनिक घडण रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांनी परस्परांशी स्पर्धा करीत १९७१ च्या सुमारास उलगडली आणि १९७७ मध्ये ते दोघेही नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. या संप्रेरकाची गंमत अशी की, ते ठोक्याठोक्याने आले तरच कामाचे असते. तेच सतत वाहत ठेवले तर खालची पीयूषिका ग्रंथी काही दिवसांत त्याच्याकडे कानाडोळा करू लागते. म्हणजे संदेशात मजकुराइतकेच त्याच्या लयीलाही महत्त्व आहे.

ठोक्याठोक्याने आलेल्या या आज्ञेनुसार पीयूषिका ग्रंथी दोन संप्रेरके रक्तात सोडते: एक एलएच आणि दुसरे एफएसएच. एलएच वृषणातील लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनविण्यास सांगते. फ्रांझ लायडिग यांनी या पेशींचे वर्णन १८५० मध्ये केले होते. एफएसएचचा पत्ता निराळा आहे. वृषणातील ज्या बारीक नलिकांमध्ये शुक्रजंतू तयार होतात, त्या नलिकांच्या भिंतीत उंच, फांद्याफांद्यांच्या आकाराच्या पेशी असतात. इटलीतील एन्रिको सर्टोली यांनी १८६५ साली त्यांचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव या पेशींना मिळाले. एफएसएच पोहोचते ते या सर्टोली पेशींकडे.

येथे एक आश्चर्याची गोष्ट आहे. ज्या पेशींपासून शुक्रजंतू होणार, त्या बीजपेशींपाशी एफएसएचचा ग्राही नाही आणि टेस्टोस्टेरॉनचाही नाही. ज्यांच्यासाठी एवढे हुकूम सुटले त्यांना ते ऐकूच येत नाहीत! ते ऐकतात सर्टोली पेशी, आणि त्याप्रमाणे बीजपेशींचे संगोपन करतात. २००४ मध्ये बेल्जियममधील लुव्हेन येथील संशोधकांनी या गोष्टीचा पडताळा पाहिला. त्यांनी केवळ सर्टोली पेशींमधील टेस्टोस्टेरॉनचा ग्राही नाहीसा केलेले उंदीर तयार केले. त्या उंदरांच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन होते, बीजपेशीही निर्दोष होत्या; परंतु शुक्रजंतूंची निर्मिती अर्ध्या वाटेवर अडली. दाई बहिरी झाली, म्हणून बाळे उपाशी राहिली.

सर्टोली पेशी हे संगोपन कसे करतात, याचाही बराच उलगडा झाला आहे. प्रथम प्रश्न मूलपेशींचा. त्या सर्वच्या सर्व शुक्रजंतू बनू लागल्या तर भांडवल संपेल. एकही बनली नाही तर उत्पन्न थांबेल. हेलसिंकी येथील संशोधकांनी २००० मध्ये असे दाखविले की, सर्टोली पेशी जीडीएनएफ नावाचे एक प्रथिन सोडून हा तोल सांभाळतात. उंदरांत हे प्रथिन कमी पडले तेव्हा मूलपेशींचा साठा हळूहळू आटला. अतिरेक झाला तेव्हा मूलपेशींचे ढीग साचले आणि त्यांतून शुक्रजंतू निपजेनात. ‘थांबा’ असे सांगणारा हा निरोप झाला. ‘चला’ असे सांगणारा निरोप अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा असतो. अ जीवनसत्त्व न मिळालेल्या उंदरांच्या वृषणांत बीजपेशींचा ऱ्हास होतो, ही गोष्ट वोल्बाक आणि हो या अमेरिकन संशोधकांनी १९२५ मध्येच नोंदली होती. तिचे कारण समजावयास जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली.

‘चला’ म्हटल्यावर सुरू होणारी वाटचाल दीर्घ पल्ल्याची आहे. बीजपेशी अनेकदा विभागतात, नंतर अर्धसूत्री विभाजनाने त्यांच्यातील ४६ गुणसूत्रांची संख्या २३ वर येते, आणि शेवटी गोल पेशीला डोके व शेपूट फुटते. मॉन्ट्रियल येथील इव्ह क्लेरमाँ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासापासून मनुष्याच्या बाबतीत या साऱ्याला सुमारे ७४ दिवस लागतात, असे मानले जाते. नलिकेच्या प्रत्येक भागात ही प्रक्रिया निरनिराळ्या टप्प्यावर चालू असल्यामुळे एकूण उत्पादन मात्र अखंड असते. निरोगी तरुण पुरुषात ते सेकंदाला हजाराच्या घरात जाते. ७४ दिवसांचा हा आकडा व्यवहारातही लक्षात ठेवण्याजोगा आहे. जबर तापाने आज बिघडलेल्या निर्मितीचा परिणाम वीर्यतपासणीत काही आठवड्यांनी दिसू शकतो, आणि आज सुरू केलेल्या उपचाराचे फळही तीन महिन्यांपूर्वी मागता येत नाही.

संदेशांची ही साखळी ठाऊक नसल्यामुळे काय अनर्थ होतो, याचे एक उदाहरण आजच्या व्यायामशाळांत आढळते. टेस्टोस्टेरॉन हे पौरुषाचे संप्रेरक; तेव्हा त्याची इंजेक्शने घेतल्याने पौरुषाबरोबर प्रजननशक्तीही वाढेल, असा अनेक तरुणांचा तर्क असतो. प्रत्यक्षात याच्या उलट घडते. शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी वृषणात टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातील प्रमाणाच्या कितीतरी पटींनी अधिक असावे लागते. ते तेथल्या तेथे लायडिग पेशीच निर्माण करू शकतात. बाहेरून इंजेक्शन दिले म्हणजे रक्तातील पातळी वाढते. ती पाहून मेंदूची अशी समजूत होते की, वृषणात काम जोरात चालू आहे, आणि तो आपले हुकूम थांबवितो. एलएच व एफएसएच उतरतात, वृषणातील टेस्टोस्टेरॉन आटते आणि निर्मिती बंद पडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत निरोगी पुरुषांना दर आठवड्यास हे संप्रेरक टोचले, तेव्हा त्यांतील बहुसंख्यांच्या वीर्यातून शुक्रजंतू काही महिन्यांत नाहीसे झाले. ती चाचणी संततिनियमनाची होती! मुलासाठी आतुर झालेला तरुण आपल्या हाताने संततिनियमनाचे औषध टोचून घेतो, यापरता दैवदुर्विलास कोणता?

याच साखळीतील दुसऱ्या दुव्याचा अभ्यास भारतात झाला. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत एन. आर. मुदगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील टोपीवाल्या माकडांवर दीर्घकाळ प्रयोग केले. माकडाच्या शरीरात एफएसएचविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करून तेवढा एकच निरोप त्यांनी अडविला. टेस्टोस्टेरॉनचा पुरवठा अबाधित होता. पण शुक्रजंतूंची संख्या घटली, त्यांचा दर्जा खालावला आणि नर प्रजननक्षम राहिले नाहीत. दोन संप्रेरकांचे कार्य एकमेकांस पूरक असले तरी एकाची जागा दुसरे घेऊ शकत नाही, हे त्यातून निदर्शनास आले.

नलिकेतून सुटण्यापूर्वी शुक्रजंतूमध्ये आणखी एक विलक्षण बदल घडतो. आनुवंशिक मजकूर धारण करणारे डीएनए एरवी हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती सैलसर गुंडाळलेले असते. शुक्रजंतूत त्यांच्या जागी प्रोटामिन नावाची प्रथिने येतात आणि सारा मजकूर घट्ट आवळून टाकतात. बाझेल येथील फ्रीड्रिख मीशर यांनी हे प्रोटामिन १८७४ मध्ये ऱ्हाइन नदीतील सामन माशाच्या शुक्रजंतूंतून वेगळे केले होते. मजकूर असा आवळला गेला म्हणजे तो वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून शुक्रजंतूला नवीन प्रथिने जवळजवळ बनविता येत नाहीत. प्रवासास निघालेल्या माणसाने घराला कुलूप घालून हाती असलेल्या शिदोरीवरच पुढचे सारे दिवस काढावे, तशी त्याची स्थिती होते. यापुढे त्याच्यात जो बदल व्हावयाचा तो आहे त्या प्रथिनांवर शिक्के उमटवून किंवा बाहेरून काही घेऊन किंवा टाकूनच होऊ शकतो.

वृषणातून बाहेर पडलेला शुक्रजंतू दिसावयास पूर्ण असतो. परंतु त्याला नीट पोहता येत नाही आणि स्त्रीबीजाला फलित करण्यास तो असमर्थ असतो. तो आता अधिवृषणात प्रवेश करतो. अधिवृषण म्हणजे वृषणाच्या पाठीशी वेटोळी होऊन बसलेली एकच नलिका. ती उलगडली तर सुमारे सहा मीटर भरते. पूर्वी तिला केवळ कोठार मानीत. वास्तविक ती शाळा आहे. तेथील पेशी प्रथिनांनी व स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या सोडतात आणि त्यांतील माल शुक्रजंतूच्या अंगी लागतो. पण ही शाळा तरी आपोआप उघडते काय? २०२० मध्ये ओसाका येथील संशोधकांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. वृषणातील बीजपेशी नेल-२ नावाचे एक प्रथिन नलिकेतील प्रवाहात सोडून देतात. ते वाहत जाऊन अधिवृषणातील पेशींच्या ग्राहीस लागते आणि मगच त्या पेशी प्रौढ होऊन कामास लागतात. ज्या नर उंदरांत नेल-२ नव्हते त्यांचे शुक्रजंतू संख्येने भरपूर होते, तरी ते नर वांझ राहिले. जणू विद्यार्थ्यांनी पुढे पत्र पाठवून गुरुजींना शाळा उघडावयास सांगावे, अशी ही योजना आहे.

अधिवृषणात तयार झालेला शुक्रजंतू स्वस्थ पडून असतो. तेथील द्रव किंचित आम्लधर्मी असतो आणि त्यात बायकार्बोनेटचे प्रमाण अत्यल्प असते. बायकार्बोनेट म्हणजे खाण्याच्या सोड्यात असते तेच. वीर्यात आणि स्त्रीच्या प्रजननमार्गाच्या वरच्या भागात त्याचे प्रमाण पुष्कळ वाढते, आणि हा साधा क्षारच शुक्रजंतूला जागे करणारा संदेश ठरतो. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातील योखेन बुक आणि लॉनी लेव्हिन यांच्या गटाने २००० साली असे दाखविले की, शुक्रजंतूत एक खास विकर असते. बायकार्बोनेटचा स्पर्श होताच ते सायक्लिक एएमपी बनवू लागते. दूत आला की विकरे जागी होतात आणि प्रथिनांवर शिक्के उमटू लागतात.

जागे झालेल्या शुक्रजंतूलाही स्त्रीबीजात लगेच प्रवेश मिळत नाही. ही गोष्ट १९५१ साली दोघा संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधून काढली: अमेरिकेत मिन च्यूए चँग आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन. ताजे शुक्रजंतू सशाच्या मादीच्या अंडनलिकेत ठेवले, तर ते स्त्रीबीजाला तत्काळ फलित करीत नाहीत. काही तास त्यांनी स्त्रीच्या प्रजननमार्गात घालविले पाहिजेत. या अवधीत त्यांना जी पात्रता येते तिला क्षमताप्राप्ती असे म्हणता येईल. या काळात शुक्रजंतूच्या पटलातील कोलेस्टेरॉल निघून जाते, पटल लवचिक बनते आणि शेपटीतील प्रथिनांवर शिक्क्यांची रीघ लागते. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात एस. शिवाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या शुक्रजंतूंत अशा शिक्के उमटलेल्या प्रथिनांचा शोध घेतला. ऊर्जानिर्मितीशी संबंधित एक विकरही त्यांत आढळले.

क्षमताप्राप्तीचे ज्ञान नसते तर प्रयोगशाळेतील गर्भधारणा शक्य झाली नसती. शरीराबाहेर मानवी स्त्रीबीज फलित करण्याचे रॉबर्ट एडवर्ड्स यांचे प्रयत्न कित्येक वर्षे फसत होते. बॅरी बॅव्हिस्टर या त्यांच्या तरुण सहकाऱ्याने हॅमस्टरच्या शुक्रजंतूंसाठी बायकार्बोनेटयुक्त, अल्कधर्मी द्रव सिद्ध केला होता. तो वापरल्यावर १९६९ मध्ये यश आले. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊनचा जन्म झाला. त्याच वर्षीच्या ३ ऑक्टोबर रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांनी दुर्गा जन्मास आली; त्यांच्या कार्याला मान्यता मात्र मृत्यूनंतर मिळाली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली हर्षा जन्मली. या घटनांच्या मागे इतर अनेक गोष्टींबरोबर सोड्यासारख्या साध्या क्षाराचा निरोपही होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

शेवटचा निरोप स्त्रीबीजाच्या परिसरातून येतो. स्त्रीबीजाभोवती असलेल्या पेशी प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सोडतात. शुक्रजंतूच्या शेपटीत कॅल्शियम आत घेणारे एक दार असते. त्याचा शोध २००१ मध्ये लागला आणि त्याला कॅटस्पर असे नाव देण्यात आले. प्रोजेस्टेरॉनमुळे मानवी शुक्रजंतूतील हे दार उघडते, असे २०११ मध्ये जर्मनी आणि अमेरिका येथील दोन गटांनी एकाच वेळी सिद्ध केले. कॅल्शियम आत शिरताच शेपटीचे सौम्य वल्हविणे थांबून चाबकाचे फटकारे सुरू होतात. त्या जोरावरच स्त्रीबीजाचे जाड आवरण भेदता येते. काही पुरुषांत हे दार जन्मतःच निकामी असते. त्यांच्या शुक्रजंतूंची संख्या व हालचाल नेहमीच्या तपासणीत निर्दोष ठरू शकते, आणि तरीही अपत्यप्राप्ती होत नाही.

आवरणापलीकडे ओळख पटविण्याचा प्रसंग येतो. शुक्रजंतूवरील इझुमो या प्रथिनाचा शोध जपानमध्ये २००५ साली लागला. विवाहाच्या दैवतासाठी प्रसिद्ध असलेल्या तेथील एका देवस्थानावरून त्याला नाव मिळाले. स्त्रीबीजावरील त्याच्या जोडीदाराला २०१४ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी जुनो या रोमन देवतेचे नाव दिले. या दोहोंची गाठ पडली की मीलन होते. आणि आता प्रथमच शुक्रजंतू स्वतः निरोप देतो. त्याने आणलेले एक विकर, ज्याचा शोध कार्डिफ येथे २००२ मध्ये लागला, स्त्रीबीजात कॅल्शियमच्या लहरींवर लहरी उठविते. त्या लहरींनी स्त्रीबीज जागे होते आणि गर्भाची वाढ सुरू होते. इतका वेळ इतरांच्या निरोपांवर चाललेल्या पेशीचा हा एकमेव मोठा निरोप होय.

या ज्ञानाचा उपयोग दोन्ही दिशांनी होतो. बायकार्बोनेटने जागे होणारे विकर काही काळ रोखता आले तर शुक्रजंतू जागे होणार नाहीत. कॉर्नेलच्या त्याच गटाने २०२३ मध्ये असे एक औषध नर उंदरांना देऊन पाहिले. एका मात्रेने सुमारे अडीच तास त्यांचे शुक्रजंतू निश्चल राहिले आणि दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत झाले. संप्रेरकांना धक्का न लावणारे, पुरुषाने घ्यावयाचे संततिनियमन यातून पुढे येऊ शकेल, अशी आशा त्यामुळे निर्माण झाली. संततिनियमनाचा बहुतेक भार स्त्रियांनीच उचललेल्या आपल्या देशात या आशेचे मोल थोडे नाही.

दुसरी दिशा अपत्यहीनतेच्या चिकित्सेची. मूल झाले नाही की आपल्याकडे बोट प्रथम सुनेकडे जाते. देवदेव, उपासतापास, वैद्य, हकीम, डॉक्टर हे सारे तिच्यासाठी. प्रसंगी सवतही तिच्याच डोक्यावर. वास्तविक अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषातील दोष हा एकमेव कारण असतो किंवा कारणांपैकी एक तरी असतोच. पुरुषाची तपासणी झालीच तर शुक्रजंतू मोजले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली खालची मर्यादा दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख अशी आहे. संख्या तिच्यावर आली की ‘पुरुष निर्दोष’ असा निर्वाळा घरचे लोक स्वतःच देऊन टाकतात. परंतु वरील विवेचनावरून ध्यानात येईल की, संख्या ही या प्रदीर्घ वाटचालीतील एकाच टप्प्याची साक्ष आहे. अधिवृषणातील शाळा झाली की नाही, सोड्याचा निरोप ऐकू येतो की नाही, कॅल्शियमचे दार उघडते की नाही, याविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. मोजणी ठीक आली म्हणून दोष पत्नीचा, हा निष्कर्ष शास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नाही.

‘शुक्रजंतू’ हा शब्द भाषेतून आता जाणार नाही, आणि जावा असेही नाही. मात्र स्वयंभू, स्वतंत्र, बलाढ्य जंतूची कल्पना त्याच्याबरोबर वागविण्याचे कारण उरलेले नाही. त्याच्या जडणघडणीत मेंदूचा, सर्टोली पेशींचा, अधिवृषणाचा आणि शेवटी स्त्रीच्या शरीराचाही हात असतो. तेव्हा अपत्यहीन जोडप्याने डॉक्टरांकडे जावयाचे ते दोघांनी मिळून, आणि तपासणी व्हावयाची तीही पहिल्या दिवसापासून दोघांची, हीच रीत शास्त्राला धरून आहे.